यादी नको, शनिवारचा एक तास द्या

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालकांनी वाचायलाच हवीत अशा पुस्तकांची यादी आली होती, चाळीस पुस्तकं, प्रत्येकासमोर एक ओळ. यादी चांगली होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मीच ती कात्रीनं कापली आणि आमच्या शाळेच्या ऑफिसात पोषण आहाराच्या तक्त्याशेजारी चिकटवली. तीन आठवड्यांत तिचा रंग पिवळा झाला, एका कोपऱ्यावर कोणीतरी गॅस एजन्सीचा नंबर लिहिला, आणि चाळीसपैकी एकही पुस्तक कोणी मागितलं नाही. आमचे एक सर खिचडीची चव घेता घेता म्हणाले, "मॅडम, चाळीस पुस्तकं? आमच्याच्यानं तं दोन जीआर वाचून होत नाही." सगळे हसले, मीपण हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नोकरीला एकवीस वर्षं झाली. राहते नागपुरात मानेवाड्याला, शाळा उमरेड रोडनं पुढे आत एका गावात, रोज चार जणी मिळून एका गाडीत जातो. शाळा सातवीपर्यंत, आम्ही सहा शिक्षक. हे सांगितलं कारण अशा याद्या करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर जी शाळा असते ती वेगळीच असते असं मला नेहमी वाटतं, म्हणजे एसी लायब्ररी, कॉफी मशीन आणि हातात पुस्तक घेतलेल्या टीचर. आमच्याकडे एक लोखंडी कपाट आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पैसे येतात, शाळा कितवीपर्यंत आहे त्याप्रमाणे ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत, त्यामुळे पुस्तकंच नाहीत हे रडगाणं आता तितकंसं खरं नाही. पुस्तकं आहेत. कपाटात आहेत. आणि कपाटाला कुलूप आहे.

कुलूप का, तर रजिस्टर. बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, चार्ज देताना पुस्तक कमी निघालं की वसुली कोणाकडून, तर ज्याच्याकडे चार्ज होता त्याच्याकडून. आमच्या आधीच्या हेडसरांनी म्हणे एका जुन्या शाळेत खिशातून पैसे भरले होते, तेव्हापासून त्यांनी किल्ली जानव्याला बांधली असं आम्ही गमतीनं म्हणायचो. पुस्तकं नवीकोरी राहिली, वाळवी सोडली तर कोणी हात लावला नाही. म्हणून म्हणते की काय वाचावं हा शिक्षकाचा खरा प्रश्नच नाहीये, कधी वाचावं, कोणासोबत वाचावं आणि हरवलं तर काय, हे तीन प्रश्न आहेत आणि त्याची यादी कोणी छापत नाही.

आता आमच्याकडे वाचन कसं सुरू झालं ते सांगते, त्यात आमचं काही कर्तृत्व नाही, पावसाचं आहे. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जून संपता संपता, आणि उघडल्या की लगेच पाऊस धरतो. दोन वर्षांपूर्वी जुलैतला शनिवार, सकाळची शाळा, पोरं घरी गेली आणि आमची गाडी नाल्याच्या पलीकडे अडकली. रपट्यावरून पाणी. दीड तास बसायचं होतं, मोबाईलला रेंज नाही. नवीन हेडसर तेव्हा नुकतेच आले होते, त्यांना अजून वसुलीचा अनुभव नव्हता, त्यांनी कपाट उघडलं. हाताला आलं ते गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न'. डीएडला असताना नाव घोकलं होतं, पुस्तक सहांपैकी एकानंही वाचलेलं नव्हतं. एकीनं मोठ्यानं वाचायला घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गिजुभाई भावनगरचे, मूळचे वकील, वकिली सोडून बालशिक्षणात आले, आणि हे पुस्तक नव्वद वर्षांपूर्वीचं आहे. गोष्ट साधी आहे, एक माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि म्हणतो मला एक वर्षासाठी चौथीचा वर्ग द्या, मला प्रयोग करायचाय. पहिल्या दिवशी तो मोठी तयारी करून जातो, शांततेचा खेळ घ्यायचा असं ठरवलेलं असतं, आणि पोरं असा काही धिंगाणा घालतात की शेवटी बिचारा सुट्टीच देऊन टाकतो. इथे आमचे ते खिचडीवाले सर इतके हसले की डोळ्यात पाणी. म्हणे, "पहिल्याच दिवशी फजिती! म्हणजे हा आपलाच माणूस आहे." दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि तीच पोरं जागची हलत नाहीत. आम्ही तिथपर्यंत आलो आणि पाणी उतरलं, गाडी आली, पण पुढच्या शनिवारी कोणी काही न ठरवता सगळे थांबले. पुढे काय होतं ते बघायला. मला वाटतं शिक्षकांसाठीचं पुस्तक असंच निवडावं, ज्यात लेखकाची पहिल्याच प्रकरणात फजिती होते. पहिल्या पानापासून उपदेश करणारी पुस्तकं आमच्या कपाटात अजून कोरीच आहेत.

त्यानंतर वर्षभर चाललं. मध्ये बंद पडलं, निवडणुकीच्या कामानं, बीएलओच्या म्हणजे मतदार यादीच्या कामानं, कोणाच्या घरचं लग्न. पण चाललं. शनिवारी शाळा सुटली की पाऊण तास, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मधेच थांबवून भांडायचं. घरून वाचून यायचं नाही हा नियम आम्हीच केला, कारण घरी जाऊन वाचायचं म्हटलं की ते कोणाचंच होत नाही, बायांचं तर नाहीच नाही.

यातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते जॉन होल्टचं, मुलं नापास का होतात यावर त्यानं १९६४ मध्ये लिहिलेलं अमेरिकेतलं पुस्तक. हा माणूस स्वतः शिक्षक, पण सहकाऱ्याच्या वर्गात मागे जाऊन बसायचा आणि ज्याला प्रश्न विचारलाय त्याच्याकडे नाही, बाकीच्या मुलांकडे बघायचा. त्यात एक प्रसंग आहे, बाई फळ्यावर नाम, विशेषण, क्रियापद असे तीन रकाने करतात आणि शब्द सांगून विचारतात, हा कुठे जाईल? पोरं बरोबर सांगतात. मागे बसलेल्याच्या लक्षात येतं की बाई स्वतःच न कळत बरोबर रकान्याकडे झुकतात. पोरं व्याकरण नाही, बाई वाचताहेत!

हे वाचल्यावर मी आमच्या धाकट्या मॅडमना म्हटलं, तुम्ही माझ्या पाचवीच्या गणिताला मागे बसा. त्या बसल्या. तास संपल्यावर काही बोलेनात. मग म्हणाल्या, "ताई, रागावणार नाही नं? तुम्ही विचारता, गुणाकार करायचा काsss भागाकार? जे उत्तर असते त्या शब्दावर तुमचा आवाज वर जाते." मी म्हटलं काहीतरीच. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उलट केलं, उदाहरण भागाकाराचं आणि आवाज गुणाकारावर चढवला. अख्खा वर्ग एका सुरात, गुणाकार! त्यात माझा सगळ्यात हुशार मुलगा, जो स्कॉलरशिपला बसणार होता, त्याचा आवाज सगळ्यात मोठा. एकवीस वर्षं मी पोरांना माझा आवाज ओळखायला शिकवला की काय अशी रात्रभर झोप नाही. वीस ट्रेनिंगं केली असतील मी, सातारा-पुण्याच्या तज्ज्ञांची पीपीटी पाहिली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या वर्गात मागे बसायला कोणी आलंच नव्हतं. साहेब लोक येतात ते पुढच्या खुर्चीवर बसतात आणि टाचणवही मागतात.

पालकांबद्दल यादीत दहा पुस्तकं होती. माझं प्रामाणिक मत, आमच्या गावातल्या पालकांसाठी ती दहाही बाद. पुस्तकं वाईट म्हणून नाही, सकाळी सहाला कापूस वेचायला जाणारी आई संगोपनावरचं तीनशे पानी पुस्तक कधी वाचणार? पण पुस्तकातली एखादी गोष्ट तिच्यापर्यंत नेता येते, ते काम आमचं. एक उदाहरण देते.

रोडिगर आणि कार्पिके म्हणून दोघं संशोधक आहेत, २००६ मध्ये त्यांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला लावला. दुसऱ्याला एकदाच वाचायला दिला आणि मग तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर चार वेळा वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर उलटं, चार वेळा वाचलेल्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे "पाच वेळा वाचून काढ" हे जे आपण पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सांगत आलो ते मेहनतीच्या मानानं फार फायद्याचं नाही, पुस्तक मिटून आठवणं जास्त फायद्याचं. परीक्षा घ्यायची ती मार्कांसाठी नाही तर आठवायला लावण्यासाठी.

हे मी पालकसभेत सांगितलं, असं टक्केवारी वगैरे नाही, साधं सांगितलं की पोरगं अभ्यास करून उठलं की पुस्तक त्याच्या हातून घ्या, मिटा आणि म्हणा, सांग बापा आज काय वाचलं. एक आई मागे बसली होती, पदर तोंडावर, सभा संपल्यावर जवळ आली. म्हणाली, "मॅडम, मले वाचता येत नाही, त्यानं खोटं सांगतलं तं मले कसं समजन?" मी म्हटलं, खोटं सांगितलं तरी सांगू द्या, फक्त पुस्तक मिटलेलं पाहिजे. दिवाळीनंतर तिचाच मुलगा पाण्याच्या चक्रावर उभं राहून बोलला, बाष्पीभवन म्हणताना अडखळला, पण बोलला, आणि शेवटी म्हणाला, "मायनं तीनदा ऐकलं, तिलेबी येते आता." मी किती पुस्तकं वाचली असतील, पण वाचता न येणारी आई यात सगळ्यात उपयोगाची ठरू शकते हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. उलट शिकलेले आईबापच अडचण करतात, ते मधेच चूक दुरुस्त करतात.

शिकलेल्या पालकांवरून आठवलं, नागपुरात माझी बहीण आहे, तिचा मुलगा मोठ्या इंग्रजी शाळेत. ती वही उघडली की आधी मार्क बघते, बाईंनी खाली काय लिहिलं ते बघतच नाही. तिला मी इस्रायलच्या रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं, की नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली आणि ज्यांना मार्क आणि शेरा दोन्ही मिळालं त्यांना शेऱ्याचा फायदाच झाला नाही, मार्क दिसले की मूल शेऱ्याकडे बघत नसावं. ती म्हणे, "ते इस्रायलचं झालं." असो. बहिणींना पटवणं हा वेगळा विषय आहे.

सगळंच गोड झालं असं नाही. 'प्रिय बाई' वाचताना आमच्यात चांगलंच वाजलं. इटलीत बार्बियाना नावाचं डोंगरातलं खेडं, तिथे डॉन मिलानी नावाच्या पाद्र्यानं शाळेतून बाहेर फेकल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा चालवली होती, त्यातल्या आठ पोरांनी मिळून त्यांना नापास करणाऱ्या बाईंना लिहिलेलं हे पत्र, १९६७ चं. सरळ सरळ आकडे मांडून विचारलंय की तुम्ही ज्यांना नापास करता ती नेमकी गरिबांचीच पोरं कशी असतात. तिसऱ्या शनिवारी आमच्या एका मॅडमनी पुस्तक टेबलावर आपटलं. म्हणाल्या, सगळं खापर आमच्यावरच का, घरात दारू पिणारा बाप, पोर सहा महिने ऊसतोडीला, आणि दोषी आम्ही? त्यांचंही खरं होतं. दोन आठवडे त्या थांबल्या नाहीत. मग एक दिवस आल्या आणि मागच्या दहा वर्षांत शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावं दाखल-खारिज रजिस्टरमधून उतरवून आणली होती, स्वतःच, कोणी सांगितलं नव्हतं. नावं मी इथे देणार नाही, आडनावं वाचली आणि खोलीत कोणी बोललं नाही. निम्म्याहून जास्त एकाच टोलीची, म्हणजे वस्तीची, होती.

म्हणून ज्यांना मुख्याध्यापकांसाठी पुस्तक हवं असेल त्यांना मी नेतृत्व आणि व्यवस्थापनाची ती चकचकीत पुस्तकं सुचवणार नाही, 'प्रिय बाई'च सुचवेन, आणि त्याच्या जोडीला 'तोत्तोचान', जपानच्या तेत्सुको कुरोयानागींचं स्वतःच्या लहानपणच्या शाळेवरचं पुस्तक. तोत्तोचानचं आपल्याकडे एक झालंय, निरोप समारंभात शालीसोबत द्यायचं पुस्तक झालंय ते, लोक प्लास्टिकसुद्धा काढत नाहीत. आणि ज्यांनी वाचलंय ते आगगाडीच्या डब्यातली शाळा किती गोड म्हणून थांबतात. मी म्हणते ते मुख्याध्यापकाचं पुस्तक म्हणून वाचा. पहिल्या भेटीत मुख्याध्यापक कोबायाशी सर त्या आधीच्या शाळेतून काढून टाकलेल्या पोरीचं बोलणं चार तास ऐकतात, जांभई न देता. चार तास! आमच्याकडे दाखला घ्यायला आलेल्या पोराला आपण काय विचारतो, आधार कार्ड आणलं का. आणि पालकांनी त्यातलं एकच लक्षात ठेवावं, आधीच्या शाळेनं काढून टाकलंय हे तिच्या आईनं तिला वीस वर्षांची होईपर्यंत कळू दिलं नाही. आपल्याकडे पहिल्या चाचणीचे मार्क संध्याकाळपर्यंत काकूला, मावशीला आणि सोसायटीच्या ग्रुपला कळलेले असतात.

आता तुमच्या यादीत जे नव्हतं त्याबद्दल, कारण हे मला खरंच खटकलं. चाळीस पुस्तकांत फिनलंड होतं, जपान होतं, अमेरिका भरपूर होती. महात्मा फुल्यांचं इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढचं निवेदन नव्हतं. १८८२ चं आहे, छोटंसं आहे, सरकारनं काढलेल्या समग्र वाङ्मयात मिळतं. त्यात त्यांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलंय, मास्तराचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको म्हटलंय, आणि मास्तर असा हवा की ज्याला गरज पडली तर नांगर धरायला लाज वाटणार नाही, जो गावातल्या लोकांत मिसळेल. केंद्र सरकारचा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मधली वर्षं मोजा. आम्ही हे वाचलं तेव्हा धाकट्या मॅडम, ज्या रोज गाडीतून उतरतात त्या थेट वर्गात आणि वर्गातून थेट गाडीत, त्या म्हणाल्या, आपण तर गावात पाणीसुद्धा पीत नाही. घरून बाटली आणतो आपण सगळ्या. हे तंतोतंत खरं आहे.

आणि हे समग्र वाङ्मय मी घेतलं कुठे, तर दीक्षाभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. वाचन संस्कृती संपली असं जे लोक लेखातून लिहितात त्यांनी एकदा त्या दिवशी तिथे यावं. माझ्या पुढे रांगेत एक आजी होत्या, हिंगोलीकडच्या असाव्यात बोलण्यावरून, पांढरं लुगडं, पायात चप्पल नाही, कमरेच्या पिशवीतून घडी घातलेल्या नोटा काढून त्यांनी नातीसाठी तीन पुस्तकं घेतली आणि स्टॉलवाल्या पोराला म्हणाल्या, पाचवीच्या पोरीला कळंल असंच दे, मोठ्या अक्षराचं. तिला कोणी यादी दिली नव्हती. आमच्यासारखे पगारदार लोक पुस्तक घेताना सवलत किती विचारतात.

तसंच सेवाग्रामचं. नागपूरहून दोन तासांच्या आत पोचतो आपण. दरवर्षी सहल जाते, बापूकुटी बघतो, पोरं रांगेत फोटो काढतात, येताना वर्ध्याला गोरसपाक घेतो आणि परत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती, झाकिर हुसेन समिती तिथे नेमली गेली, मातृभाषेतून आणि हातातल्या कामातून सात वर्षांचं शिक्षण अशी योजना तिथे मांडली गेली, हे आम्ही स्पर्धा परीक्षेच्या एका ओळीएवढंच वाचलेलं. समितीचा अहवाल आमच्यातल्या एकानंही पाहिला नव्हता. जपानच्या शाळेसाठी डोळ्यात पाणी आणि शेजारच्या जिल्ह्यातलं माहीत नाही, यात मीपण आलेच. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांचंही तेच. बोर्डी-कोसबाडच्या म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण लग्नानंतर त्या आपल्या अमरावतीत होत्या हे किती जणांना माहितीये? त्यांच्या अंगणवाडीच्या, कुरणशाळेच्या प्रयोगांवर वाचायला घेतलं तेव्हा आमच्या अंगणवाडीताईंना मुद्दाम बोलावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे गुरं चारणाऱ्या पोरांमागे शाळाच कुरणात नेली? आणि आमच्याकडे पोषण ट्रॅकरवर फोटो गेला नाही तं हजेरी नाही."

आता मुद्द्याचं. या घडीला महाराष्ट्रातला शिक्षक पुस्तक वाचत नाही असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. सध्या आम्ही सगळे वाचून राहिलो. रात्री बारापर्यंत वाचून राहिलो. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला, ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीये त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर घरी. नागपूरच्या बर्डीवर जाऊन बघा, टीईटीच्या गाईडचे ढीग लागलेत. मीपण घेतलं, पंचेचाळिशी ओलांडली तरी. निकालावर मी इथे बोलत नाही, परीक्षा देईन, पास होईन. पण त्या गाईडमध्ये बालमानसशास्त्राचे तीस मार्क आहेत आणि तिथे पियाजे एका ओळीत, वायगोत्स्की एका ओळीत, समोर चार पर्याय. ज्या वायगोत्स्कीनं सांगितलं की मूल एकट्यानं जे करू शकतं आणि कोणाच्या मदतीनं जे करू शकतं त्याच्या मधल्या जागेत शिकणं घडतं, त्याचं आम्ही एकट्यानं, रात्री, टिकमार्क करत पाठांतर करून राहिलो. माझ्या मुलीनं माझ्या हातातून गाईड घेतलं, मिटलं आणि म्हणाली, सांग बापा आज काय वाचलं. मला दोनच आठवले.

नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे करावेत असं आहे. हे पन्नास तास होतात कसे? मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, फोन भिंतीला टेकवायचा, इकडे पोळ्या लाटायच्या, व्हिडिओ संपला की पुढे ढकलायचा, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट. मी केलंय, सगळे करतात, खोटं कशाला बोलू. माझी मागणी एवढीच आहे आणि ती तुमच्या पेपरातून शिक्षण खात्यापर्यंत जावी म्हणून लिहिते. त्या पन्नासातले वीस तास शाळेत एकत्र बसून एक पुस्तक वाचायला द्या. महिन्यातून दोन शनिवार, एक-एक तास. लिंक नको, गुगल फॉर्म नको, फोटो अपलोड तर बिलकुल नको, फोटो आला की वाचन गेलं. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर महिन्याला आम्ही बसतोच, तिथे परिपत्रकं वाचण्याऐवजी एखाद्या शाळेनं आपण काय वाचलं आणि त्यामुळे वर्गात काय फिसकटलं ते सांगावं. काय जमलं ते नको, ते सगळेच सांगतात.

आणि वसुलीचा नियम शिथिल करा. वर्षाला चार-पाच पुस्तकं हरवली, फाटली, कोणाच्या घरी राहिली तर ती वापरात गेली असं धरा. ज्या शाळेचं एकही पुस्तक हरवलं नाही त्या शाळेचीच चौकशी व्हायला पाहिजे खरं म्हणजे.

तुम्हालाही एक विनंती. पुढची यादी छापू नका. त्या जागेत पंधरा दिवसांतून एकदा एकाच पुस्तकावर लिहायला लावा, आणि समीक्षकाला नको, ज्यानं ते वर्गात वापरून पाहिलं त्या शिक्षकाला, मुख्याध्यापकाला, आईबापाला. पुस्तक विकत मिळत नसेल तर कुठे फुकट वाचता येतं तेही सांगा. विज्ञान खेळणीवाल्या अरविंद गुप्तांच्या वेबसाईटवर मराठी-हिंदी कितीतरी शैक्षणिक पुस्तकं मोफत आहेत, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाईन आहेत, पुण्याचं 'पालकनीती' मासिक १९८७ पासून निघतंय, आमच्या केंद्रातल्या निम्म्या शिक्षकांना यातलं एकही माहीत नव्हतं.

पत्र लांबलं, कापायचं असेल तर बहिणीचं कापा.

आपली,
एक शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

ता. क. आमच्या कपाटातलं 'तोत्तोचान' सध्या जागेवर नाही. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका ताईंनी नेलं, त्यांच्याकडून त्यांच्या उमरेडच्या नणंदेकडे गेलं आणि तिथून पुढे कुठे ते विचारणं चालू आहे. हेडसरांनी रजिस्टरमध्ये त्या ओळीपुढे 'वाचनात' असा शेरा लिहिलाय. पेन्सिलनं लिहिलाय, कारण मार्चमध्ये ऑडिट आहे.